ब्राउन, गोल्डस्टीन आणि एलडीएल रिसेप्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रक्तातला एलडीएल हा कोलेस्टेरॉल वाहणारा कण पकडून पेशीत नेणारं प्रथिन म्हणजे एलडीएल रिसेप्टर. ते शोधणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांच्या कामाबद्दल पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणारे साधारण दोन प्रकारचे असतात: मेडिकल, फार्मसी, बायोकेमिस्ट्रीचे विद्यार्थी, आणि हातात लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट घेऊन बसलेली घरची माणसं. उत्तरं दोघांसाठी एकाच पानावर ठेवली आहेत. औषध सुरू करणं, बंद करणं, डोस बदलणं हा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचाच.

१. हे दोघं कोण? हार्ट स्पेशालिस्ट होते का?

नाही, आणि हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. हृदयरोगाच्या औषधोपचाराची दिशा बदलणाऱ्या या दोघांपैकी ब्राउन यांचा ओढा पचनसंस्थेच्या आजारांकडे होता आणि गोल्डस्टीन यांचा आनुवंशिकतेकडे. दोघंही १९६६ साली डॉक्टर झाले, ब्राउन पेनसिल्व्हेनियातून आणि गोल्डस्टीन टेक्सासमधल्या डॅलसहून. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप करताना त्यांची ओळख झाली. १९६८ मध्ये दोघं अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये गेले. व्हिएतनाम युद्धाचा काळ होता. तरुण डॉक्टरांना लष्करी सेवेसाठी बोलावलं जायचं आणि या संस्थेतली नोकरी त्या सेवेत धरली जायची. त्यामुळे एरवी थेट प्रॅक्टिसला लागली असती अशी हुशार मुलं तिथे प्रयोगशाळेत काम शिकली.

पुढे दोघं डॅलसला आले. गोल्डस्टीन तिथेच शिकले होते आणि मेडिसिनचे विभागप्रमुख डोनाल्ड सेल्डिन यांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं: आनुवंशिकता शिकून ये, इथे जागा ठेवतो. १९७२ पासून दोघांचं काम एकत्र सुरू झालं आणि लवकरच प्रयोगशाळाही एकच झाली. १९८५ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. शोधनिबंधांवर कधी ‘ब्राउन आणि गोल्डस्टीन’ असतं, कधी ‘गोल्डस्टीन आणि ब्राउन’. एकाचं काम कुठे संपलं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू झालं हे शोधत बसू नका, ते सापडत नाही.

२. कोलेस्टेरॉल आणि एलडीएल एकच का?

एक नाही. कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून रक्तातून फिरताना ते प्रथिनं आणि इतर स्निग्ध पदार्थांबरोबर कणांत बांधलेलं असतं. एलडीएल हा त्यातला एक कण. त्याच्या पोटात कोलेस्टेरॉलचे सुमारे १,५०० रेणू असतात आणि भोवती एपोबी नावाचं एक मोठं प्रथिन. आपल्या रक्तातलं बरंचसं कोलेस्टेरॉल याच कणात असतं. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून तिथे साचतो तोही मुख्यतः हाच.

३. कोलेस्टेरॉल वाढलं की हार्ट अटॅक येतो हे आधीपासून माहीत होतं ना? मग यांनी नवीन काय केलं?

माहीत होतं. रशियात निकोलाय अनिचकोव्ह यांनी १९१३ मध्येच सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर दाखवले होते. नॉर्वेत कार्ल म्युलर यांनी १९३० च्या दशकाच्या शेवटी अशी घराणी नोंदवली, ज्यांत अंगावर पिवळ्या गाठी आणि कमी वयात हृदयविकार एकत्र चालत आलेले होते. १९४८ साली सुरू झालेल्या, अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या अभ्यासाने साध्यासुध्या गावकऱ्यांमध्येही कोलेस्टेरॉल आणि हृदयविकाराचं नातं दाखवलं.

पण एकाच गावातल्या, एकसारखं जेवणाऱ्या दोन माणसांपैकी एकाचं एलडीएल ९० आणि दुसऱ्याचं १९० (हे आकडे दर डेसिलिटर रक्तातले मिलिग्रॅम, इथून पुढेही तसेच) का, याला उत्तर नव्हतं. एलडीएल रक्तातून बाहेर जातं कसं, हेच कोणाला ठाऊक नव्हतं. ब्राउन-गोल्डस्टीन यांनी ती वाट शोधली. माझ्या मते त्यांच्या कामातली खरी मोठी गोष्ट हीच. रिपोर्टमधला आकडा वाचताना ‘मी किती खाल्लं’ एवढाच प्रश्न पुरत नाही, ‘माझं लिव्हर रक्तातून किती ओढून घेतं’ हाही विचारावा लागतो, आणि तो विचारायला त्यांनी शिकवलं.

४. एवढ्या सार्वत्रिक आजारासाठी ते लाखात एखाद्याला होणाऱ्या आजाराच्या मागे का लागले?

दोन मुलांमुळे. नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये असताना गोल्डस्टीन यांच्याकडे तिथल्या हृदयसंस्थेच्या वॉर्डातल्या पेशंटचीही जबाबदारी होती. तिथे त्यांनी ६ आणि ८ वर्षांची भावंडं पाहिली. कोलेस्टेरॉल नेहमीच्या कित्येक पट, आणि या वयात हृदयविकार. मुलं सिगारेट ओढत नव्हती, त्यांना मधुमेह नव्हता, तणावाची नोकरी नव्हती. आजार होता फक्त एक, फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजे घराण्यातून आलेलं वाढलेलं कोलेस्टेरॉल, थोडक्यात एफएच. हे गोल्डस्टीन यांनी ब्राउन यांना सांगितलं आणि पुढचं आयुष्य दोघांनी त्यात घातलं.

एफएचचं सदोष जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलं तर एलडीएल जन्मापासून साधारण दुप्पट राहतं आणि उपचार न घेतल्यास तिशी-चाळिशीतच हार्ट अटॅक येऊ शकतो. दोघांकडून आलं तर कोलेस्टेरॉल ६५० ते १,००० पर्यंत जातं आणि उपचारांशिवाय मूल बहुतेकदा विशीही गाठत नाही. ज्या आजारात एकच गोष्ट बिघडलेली असते, तिथे कारण आणि परिणाम यांच्यामध्ये दुसरं काही येत नाही. साठीतल्या पेशंटमध्ये वीस कारणं एकमेकांत गुंतलेली असतात.

शिवाय एफएच वाटतो तेवढा दुर्मीळही नाही. डॅलसला येण्याआधी गोल्डस्टीन यांनी सिॲटलमध्ये आर्नो मोटुल्स्की यांच्याबरोबर हार्ट अटॅकमधून वाचलेल्या ५०० जणांची आणि त्यांच्या नातेवाइकांची तपासणी केली. त्यावरून त्यांनी एका सदोष जनुकाच्या एफएचचं प्रमाण ५०० मध्ये १ असं काढलं. आजचे अंदाज २५० मध्ये १ च्या जवळ आहेत.

५. तो प्रसिद्ध प्रयोग नेमका काय होता? पुस्तकात दोन ओळीत उरकलंय.

इथे जरा थांबून वाचा, कारण त्यांचा पहिला अंदाज चुकीचा होता आणि प्रयोगानेच तो मोडून काढला.

पेशी स्वतःचं कोलेस्टेरॉल स्वतः बनवू शकते. त्या कामातलं कळीचं एन्झाइम म्हणजे एचएमजी-कोए रिडक्टेज. अंदाज असा होता की एफएचमध्ये या एन्झाइमवरचा ताबा सुटलेला असावा, म्हणून शरीर कोलेस्टेरॉल बनवतच राहतं. पेशंटचं लिव्हर काढून तपासता येत नाही. म्हणून त्यांनी त्वचेचा बारीकसा तुकडा घेतला आणि त्यातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या.

निरोगी माणसाच्या पेशींभोवतालच्या द्रवातून एलडीएल काढून टाकलं, तर एन्झाइमचं काम पन्नास पटीपर्यंत वाढलं. एलडीएल परत घातलं की ते पुन्हा खाली आलं. एफएचच्या मुलांच्या पेशींत मात्र काम कायम वरच, एलडीएल असो वा नसो. इथवर अंदाज खरा ठरतोय असंच वाटतं.

मग त्यांनी एलडीएल बाजूला ठेवून नुसतं कोलेस्टेरॉल अल्कोहोलमध्ये विरघळवून घातलं. असं कोलेस्टेरॉल पेशीत आपोआप शिरतं. एफएचच्या पेशींतलं एन्झाइम लगेच शांत झालं, अगदी निरोगी पेशींसारखं. म्हणजे एन्झाइम ठीक, त्यावरचा ताबाही ठीक. एलडीएलमधलं कोलेस्टेरॉल आत पोचतच नाही, हा खरा बिघाड.

पुढची पायरी सरळ होती. एलडीएलला किरणोत्सारी आयोडीन लावून पेशींवर सोडलं. निरोगी पेशींनी ते घट्ट धरलं, एफएचच्या पेशींवर ते चिकटलंच नाही. पेशीच्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारं एक प्रथिन असतं आणि या मुलांत ते नाही, हा निष्कर्ष १९७४ मध्ये मांडला गेला. तेच एलडीएल रिसेप्टर. आपल्या शरीरातले बहुतेक रिसेप्टर लिव्हरमध्ये असतात. रिसेप्टर कमी म्हणजे एलडीएल रक्तात जास्त वेळ रेंगाळतं आणि रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरायला त्याला तेवढी जास्त संधी मिळते.

६. सगळ्या एफएच पेशंटमध्ये रिसेप्टर नसतोच का?

नाही. काहींत तो बनतच नाही, काहींत बनतो पण पृष्ठभागापर्यंत येत नाही, काहींत येतो पण एलडीएल नीट धरत नाही. सगळ्यात शिकवून गेला तो एका मुलाचा नमुना, शोधनिबंधांत ‘जे. डी.’ या आद्याक्षरांनी नोंदवलेला. त्याच्या पेशींवर एलडीएल व्यवस्थित चिकटायचं, पण आत जायचं नाही.

त्यांचे सहकारी रिचर्ड अँडरसन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. निरोगी पेशीच्या पृष्ठभागावर ठिकठिकाणी अस्तर लावलेले खळगे असतात. रिसेप्टर तिथे गोळा होतात आणि खळगा आत वळून एलडीएलसकट पेशीत जातो. जे. डी.च्या पेशींत रिसेप्टर खळग्यांत जमतच नव्हते, सगळीकडे विखुरलेले होते. पुढे कळलं की रिसेप्टरच्या आतल्या शेपटीत एका ठिकाणी टायरोसिनऐवजी सिस्टीन आलं होतं. आठशेहून जास्त अमिनो आम्लांच्या साखळीत एवढा एकच बदल.

पेशी बाहेरचे मोठे रेणू आत कसे घेते, याबद्दल आज जीवशास्त्राच्या पुस्तकात जे लिहिलेलं असतं त्याचा मोठा भाग या एका मुलाच्या त्वचेच्या तुकड्यातून आलाय. निरोगी रिसेप्टर आत जातो, एलडीएल सोडतो, परत वर येतो. एका फेरीला साधारण १० मिनिटं लागतात, आणि आयुष्यात तो अशा शेकडो फेऱ्या करतो. हे लक्षात ठेवा, प्रश्न ९ आणि १० मध्ये लागेल.

७. पेशीला कोलेस्टेरॉल पुरेसं झालं हे कळतं कसं?

गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉलकॉक आठवा. पाणी उतरलं की नळ उघडतो, भरलं की बंद. पेशीतला तो भाग शोधायला त्यांना नोबेलनंतर बरीच वर्षं लागली. १९९३ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने एसआरईबीपी नावाचं प्रथिन शोधलं. पेशीत कोलेस्टेरॉल कमी झालं की ते दोन ठिकाणी कापलं जातं, सुटलेला तुकडा केंद्रकात जातो आणि दोन गोष्टी एकदम वाढवतो: कोलेस्टेरॉल बनवणारी एन्झाइमं आणि एलडीएल रिसेप्टर.

८. स्टॅटिनचा शोध यांनीच लावला ना?

नाही, आणि ही चूक इतक्या वेळा दिसते की वाईट वाटतं. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवण्यासाठी दिली जाणारी नेहमीची गोळी, शोधलं जपानच्या अकिरा एंडो यांनी. सांक्यो या औषध कंपनीत असताना कोलेस्टेरॉल बनण्याचं काम अडवणारा पदार्थ शोधत त्यांनी ६,००० च्या वर सूक्ष्मजीवांचे नमुने तपासले. हवं होतं ते सापडलं तांदळावरच्या बुरशीत. नमुना क्योतोमधल्या एका धान्याच्या दुकानातला होता आणि बुरशी पेनिसिलिनच्याच कुळातली. त्यातून मिळालेलं कॉम्पॅक्टिन हे प्रश्न ५ मधल्या रिडक्टेज एन्झाइमला अडवतं. उंदरांत त्याने कोलेस्टेरॉल उतरेना, तेव्हा प्रकरण तिथेच संपायचं होतं. अंडी घालणाऱ्या कोंबड्यांवर करून पाहिलं आणि उतरलं. तरीही कंपनीने १९८० मध्ये त्यावरचं काम थांबवलं. अमेरिकेत मान्यता मिळालेलं पहिलं स्टॅटिन मर्कचं लोव्हास्टॅटिन, १९८७ साली. एंडो यांना नोबेल मिळालं नाही. मिळायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. २०२४ मध्ये ते गेले.

ब्राउन-गोल्डस्टीन यांचा वाटा वेगळा आहे. स्टॅटिनने रक्तातलं एलडीएल का उतरतं, हे त्यांनी उलगडलं. औषधाने लिव्हरच्या पेशीत कोलेस्टेरॉल कमी होतं, प्रश्न ७ मधली यंत्रणा जागी होते, पेशी जास्त रिसेप्टर बाहेर काढते आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेते.

९. एलडीएल फार खाली गेलं तर मेंदूला, हार्मोन्सना कमी पडणार नाही का?

मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतो, रक्तातलं एलडीएल त्यात शिरत नाही. इतर पेशीही स्वतःपुरतं बनवू शकतात. रिसेप्टर किती सहज एलडीएल पकडतो यावरून ब्राउन-गोल्डस्टीन यांनी नोबेलच्या व्याख्यानात हिशेब मांडला होता, की पेशींचं पोषण दर डेसिलिटर रक्तात २५ मिलिग्रॅम एलडीएल असलं तरी होईल.

याचा जिवंत पुरावा डॅलसमध्येच सापडला. त्यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या हेलन हॉब्स आणि त्यांचे सहकारी जोनाथन कोहेन यांनी पीसीएसके९ या प्रथिनाचा अभ्यास केला. २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही एफएच कुटुंबांत याच जनुकात दोष सापडला होता. हे प्रथिन रिसेप्टरला चिकटतं, आणि मग आत गेलेला रिसेप्टर परत वर येत नाही, नष्ट होतो. हॉब्स आणि कोहेन यांनी उलटी माणसं शोधली, ज्यांच्यात हे जनुक जन्मतः बंद पडलेलं आहे. त्यांच्या एलडीएलमध्ये घट मध्यम, पण जन्मभराची. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांत हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी दिसला. जनुकाच्या दोन्ही प्रती बंद असलेल्या एका तरुण बाईंचं एलडीएल फक्त १४ होतं, आणि त्या ठणठणीत होत्या. यावरूनच पीसीएसके९ ला रोखणारी इंजेक्शनं आली. पहिली दोन अमेरिकेत २०१५ मध्ये मान्य झाली.

१०. डॉक्टरांनी गोळीचा डोस दुप्पट केला, एलडीएल मात्र जेमतेम उतरलं. गोळी बनावट आहे का?

शंका घेण्याआधी हे वाचा. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएल साधारण ६ टक्केच आणखी उतरतं, हा नेहमीचा अनुभव आहे. एक कारण १९७८ मध्ये ब्राउन-गोल्डस्टीन आणि एंडो यांनी मिळून दाखवलं होतं: एन्झाइम अडवलं की पेशी आणखी एन्झाइम बनवून त्याला तोंड देते. दुसरं कारण म्हणजे एसआरईबीपी जागं झालं की पीसीएसके९ सुद्धा वाढतं, आणि नव्या रिसेप्टरांपैकी काही त्यात जातात. म्हणून डॉक्टर बहुतेक वेळा डोस वाढवत न बसता एझेटिमाइबसारखं वेगळ्या मार्गाने काम करणारं औषध जोडतात.

११. अंडी बंद, तूप बंद, तरी आकडा हलत नाही. काय करू?

तुमचा दोष नाही, हे आधी ऐका. अंगातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं. आहाराचा परिणाम होतो, पण बराचसा लिव्हरमार्फत: संपृक्त चरबी जास्त खाल्ली की तिथले रिसेप्टर कमी पडतात. म्हणून अंड्याच्या बलकापेक्षा वनस्पती तूप, बेकरीची खारी-नानकटाई आणि त्याच त्या तेलात तळलेले पदार्थ यांकडे आधी बघा. एवढं पाळूनही एलडीएल १९० च्या वर राहत असेल, तर पुढचा प्रश्न तुमच्यासाठी आहे.

१२. आमच्या घरात तीन पुरुष पन्नाशीच्या आत गेले. हे एफएच असेल का? मुलांची तपासणी कधी करावी?

असू शकतं, आणि थांबू नका. मोठ्या माणसात औषधाशिवाय एलडीएल १९० किंवा जास्त, घरात कमी वयातले हार्ट अटॅक, घोट्यामागची शीर जाड झालेली, बोटांच्या सांध्यांवर किंवा कोपरांवर पिवळसर गाठी, पंचेचाळिशीच्या आत बुबुळाभोवती पांढरट कडं, यांतलं काही असेल तर डॉक्टरांना ‘एफएच’ हा शब्द वापरून विचारा. गाठी कधीकधी त्वचेचा आजार म्हणून मलमावर निभावल्या जातात आणि वर्षं वाया जातात.

आई-वडिलांपैकी एकाला एफएच असेल तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार पहिली लिपिड प्रोफाइल १८ व्या वर्षी व्हावी, आणि घरात असा इतिहास असेल तर त्याआधी. भावंडं, चुलत-मामे भावंडं सगळ्यांना कळवा.

आपल्याकडे काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आहे. घराण्यात एफएच असेल तर सदोष जनुक दोघांतही असण्याची शक्यता वाढते, आणि तसं असेल तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता अशी की मुलाला दोन्हीकडून ते मिळेल. सोयरीक जमवताना हे उघड बोललं पाहिजे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

१३. ज्या मुलात रिसेप्टर अजिबातच नाहीत, त्याला स्टॅटिनचा उपयोग होईल का?

जवळजवळ नाही. स्टॅटिन आणि पीसीएसके९ ची इंजेक्शनं, दोन्हींची मदार रिसेप्टर वाढवण्यावर किंवा टिकवण्यावर (प्रश्न ८ आणि ९). जनुक रिसेप्टर बनवूच शकत नसेल तर वाढवणार काय? म्हणूनच १९८४ मध्ये पिट्सबर्गला थॉमस स्टार्झल यांच्या पथकाने टेक्सासच्या एका सहा वर्षांच्या मुलीत हृदय आणि लिव्हर एकाच वेळी बसवलं. हृदय थकलं होतं म्हणून बदललं, लिव्हर मात्र फक्त रिसेप्टरसाठी. तिचं एलडीएल ८० टक्क्यांच्या आसपास उतरलं. प्रयोगशाळेतला सिद्धांत माणसात इतका स्पष्ट क्वचितच दिसतो. ती पुढे सहा वर्षं जगली.

आज अशा मुलांसाठी यंत्राने रक्तातलं एलडीएल गाळून काढतात, आणि रिसेप्टरशिवाय काम करणारं इव्हिनाक्युमॅब हे औषधही आहे. अमेरिकेत ते २०२१ मध्ये मान्य झालं. दोन्ही अतिशय महाग आहेत, सगळीकडे मिळत नाहीत. थोडे का होईना रिसेप्टर असलेल्या मुलांना नेहमीच्या औषधांचाही काही फायदा होतो, म्हणून जनुकीय तपासणीला अर्थ आहे.

१४. माझ्या भावाचं एलडीएल ‘नॉर्मल’ होतं, तरी ४२ व्या वर्षी अटॅक आला. मग हे सगळं चुकीचं का?

चुकीचं नाही, अपुरं आहे. रिपोर्टवरचं ‘नॉर्मल’ बहुतेक वेळा समाजातल्या सरासरीवरून ठरतं. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, वाढलेलं पोट हे सोबत असतील तर ११० चं एलडीएलही एखाद्याला जास्त असतं.

शिवाय भारतीयांनी आवर्जून तपासावी अशी एक गोष्ट आहे: लिपोप्रोटीन ए. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये शोधलेला हा एलडीएलसारखाच पण एक जादा प्रथिन जोडलेला कण. त्याची पातळी मुख्यतः जन्मावर ठरते, आहाराने फारशी बदलत नाही, स्टॅटिनने उतरत नाही आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ती वेगळी दाखवलेलीच नसते. आयुष्यात एकदा तपासली तरी पुरते. भावाची तपासून घ्या. वाढलेली निघाली तर तुमची आणि दोघांच्या मुलांचीही.